इंडक्टन्सची एककं: शून्यं मोजू नका, जोड्या लावा

कॉईलच्या डोक्यावर १०१ छापलेलं असतं. सर्किटच्या आकृतीत त्याच जागी ०.१ मिलीहेन्री लिहिलेलं असतं आणि दुकानाच्या यादीत १०० मायक्रोहेन्री. तिन्ही एकच: त्या कॉईलचं इंडक्टन्स. शेजारच्या डबीत आर१० छापलेली कॉईल असते. ती ०.१ मायक्रोहेन्रीची, म्हणजे पहिलीचा हजारावा भाग, आणि तरी दोन्ही दिसायला बऱ्यापैकी सारख्या असू शकतात.

एककांचं कोष्टक दोन ओळींचं आहे. १ हेन्री म्हणजे १००० मिलीहेन्री, १ मिलीहेन्री म्हणजे १००० मायक्रोहेन्री, १ मायक्रोहेन्री म्हणजे १००० नॅनोहेन्री, आणि त्याखाली पिकोहेन्री. लहान एककाकडे जाताना हजारानं गुणायचं, मोठ्याकडे जाताना हजारानं भागायचं. दोन कॉईल सीरिजमध्ये, म्हणजे एकीपुढे एक, जोडून बेरीज करायची असेल तर आधी दोन्ही एकाच एककात आणायच्या: १ मिलीहेन्री आणि ३३० मायक्रोहेन्री मिळून १३३० मायक्रोहेन्री. कोष्टकातलं गणित इथेच संपतं.

तरीही हजारपटीच्या चुका होतात, आणि त्या हुशार माणसांकडूनही होतात. कारण कोष्टक शून्यं किती ते सांगतं, पण आलेलं उत्तर त्या जागी शोभतं का हे सांगत नाही. १० नॅनोहेन्री, १० मायक्रोहेन्री आणि १० मिलीहेन्री कागदावर एकेका अक्षरानं वेगळे असतात. प्रत्यक्षात त्या तीन वेगळ्या जगांतल्या वस्तू आहेत. म्हणून माझा आग्रह असा की इंडक्टन्सचं एकक कधीच एकटं शिकू नये. त्याला वेळेच्या आणि वारंवारतेच्या एककाशी जोडून शिकावं. ते कसं, हेच या लेखात सांगायचं आहे.

एक हेन्री म्हणजे किती?

कॉईलमधून वाहणाऱ्या करंटला बदल आवडत नाही. घरातल्या दगडी जात्यासारखं: सुरू करताना जोर लागतो आणि एकदा फिरायला लागलं की थांबवतानाही जोर लागतो. जातं जितकं जड तितका जोर जास्त. इंडक्टन्स म्हणजे करंटच्या बाबतीतला हा जडपणा, आणि जोर म्हणजे व्होल्टेज.

व्याख्या अशी: करंट दर सेकंदाला १ अँपिअर या वेगानं बदलताना कॉईलच्या दोन टोकांमध्ये १ व्होल्ट निर्माण होत असेल, तर त्या कॉईलचं इंडक्टन्स १ हेन्री. सूत्र म्हणून लिहिलं तर

व्होल्टेज = इंडक्टन्स × करंट बदलण्याचा वेग

म्हणजे हेन्री हे खरं तर व्होल्ट-सेकंद प्रति अँपिअर. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम, त्यामुळे हेन्रीला ओहम-सेकंद असंही म्हणता येतं. हा 'ओहम-सेकंद' लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

१ हेन्री ही इलेक्ट्रॉनिक्समध्ये भली मोठी राशी आहे, पण आपल्यापैकी बहुतेकांनी ती हातात धरलेली आहे. जुन्या ४० वॅटच्या ट्यूबलाइटच्या पट्टीत जो जड चोक असायचा, त्याचं इंडक्टन्स साधारण सव्वा हेन्री. पडताळा घ्यायचा असेल तर: ट्यूब चालू असताना करंट सुमारे ०.४३ अँपिअर आणि चोकचा अडथळा सुमारे ३९० ओहम. ५० हर्ट्झला कॉईलचा अडथळा म्हणजे ६.२८ × ५० × इंडक्टन्स, अर्थात ३१४ × इंडक्टन्स. ३९० ला ३१४ नं भागलं की १.२४ हेन्री. लोखंडाच्या पट्ट्या आणि तांब्याच्या तारेचे कितीतरी वेढे, एवढं सगळं भरल्यावर कुठे सव्वा हेन्री होतो. तेव्हा मोबाइल चार्जरच्या आकृतीत कुणी '१० हेन्री' लिहिलं असेल, तर ती छपाईची चूक आहे हे गणित न करताही कळतं.

चार जोड्या

आता ओहम-सेकंदाकडे परत येऊ. इंडक्टन्स हजारपट लहान केलं आणि वेळही हजारपट लहान केली, तर ओहम जिथल्या तिथे राहतात. व्होल्ट आणि अँपिअरही तसेच राहतात. म्हणून एककांच्या चार जोड्या तयार होतात. हेन्रीची जोडी सेकंदाशी आणि हर्ट्झशी. मिलीहेन्रीची मिलिसेकंदाशी आणि किलोहर्ट्झशी. मायक्रोहेन्रीची मायक्रोसेकंदाशी आणि मेगाहर्ट्झशी. नॅनोहेन्रीची नॅनोसेकंदाशी आणि गिगाहर्ट्झशी.

एकाच जोडीत राहिलात तर एकही शून्य लिहावं लागत नाही. १ हेन्रीच्या कॉईलचा १ हर्ट्झला अडथळा ६.२८ ओहम. १ मिलीहेन्रीचा १ किलोहर्ट्झला ६.२८ ओहम. १ मायक्रोहेन्रीचा १ मेगाहर्ट्झला ६.२८ ओहम आणि १ नॅनोहेन्रीचा १ गिगाहर्ट्झलाही ६.२८ ओहमच. तसंच, १ मायक्रोहेन्रीवर १ व्होल्ट लावला की करंट दर मायक्रोसेकंदाला १ अँपिअरनं वाढतो; १ मिलीहेन्रीवर तोच करंट दर मिलिसेकंदाला १ अँपिअरनं. मायक्रोहेन्रीला ओहमनं भागलं की टाइम कॉन्स्टंट, म्हणजे करंट स्थिरावायला लागणाऱ्या वेळेचं माप, थेट मायक्रोसेकंदात मिळतो.

याचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. जोडी माहीत असली की एकक पाहूनच ते कुठलं सर्किट असेल याचा अंदाज येतो. विजेच्या मेनमधला ५० हर्ट्झ: हेन्रीचा प्रांत. स्पीकरच्या क्रॉसओव्हरमधले (जाड आणि बारीक आवाज वेगळे करणाऱ्या सर्किटमधले) आवाजाचे किलोहर्ट्झ: मिलीहेन्री. स्विचिंग पॉवर सप्लाय, मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह रेडिओ: मायक्रोहेन्री. वायफाय, मोबाइलचा अँटेना: नॅनोहेन्री. सीमारेषा धूसर आहेत, पण २.४ गिगाहर्ट्झच्या अँटेनाच्या मॅचिंगमध्ये १० मायक्रोहेन्री दिसलं तर थबकायला हवं. २.४ गिगाहर्ट्झ × १०,००० नॅनोहेन्री × ६.२८ म्हणजे दीड लाख ओहम होतात, आणि तो अँटेना ५० ओहमच्या जगात राहतो.

पॉवर सप्लायचं उदाहरण

१२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर घेऊ. आजकाल प्रत्येक दुसऱ्या बोर्डावर तो असतो. स्विचिंग ५०० किलोहर्ट्झला, म्हणजे एक फेरा २ मायक्रोसेकंदांचा. फेऱ्याच्या ५ भागिले १२ इतका वेळ स्विच चालू, म्हणजे ०.८३३ मायक्रोसेकंद. त्या काळात कॉईलवर १२ उणे ५, म्हणजे ७ व्होल्ट. डायोडमधली किंवा स्विचमधली किरकोळ घट इथे सोडून देऊ.

७ व्होल्ट × ०.८३३ मायक्रोसेकंद = ५.८३ व्होल्ट-मायक्रोसेकंद.

लोड २ अँपिअरचा आहे आणि करंटमधला चढउतार, म्हणजे रिपल, त्याच्या ३० टक्के, ०.६ अँपिअर चालेल असं ठरवलं. ५.८३ भागिले ०.६ म्हणजे ९.७. एकक कोणतं? वेळ मायक्रोसेकंदात होती, म्हणून मायक्रोहेन्री. बाजारात १० मायक्रोहेन्रीची कॉईल मिळते, ती घ्यायची. दहाचा उणे सहावा घात कुठेही लिहावा लागला नाही.

आता चुकून १० नॅनोहेन्रीची कॉईल लागली तर? ०.०१ मायक्रोहेन्री. ५.८३ भागिले ०.०१ म्हणजे ५८३ अँपिअरचा रिपल! अर्थात तिथवर काही पोचत नाही. त्याआधीच कंट्रोलर आपलं संरक्षण चालू करून बंद पडतो, किंवा स्विच जळतो.

उलट बाजूची चूक जास्त फसवी आहे. १० मिलीहेन्री धरलं तर रिपल अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास येतो आणि सिम्युलेशनमध्ये आउटपुट अगदी गुळगुळीत दिसतं. शिकणाऱ्याला वाटतं, इंडक्टन्स जास्त म्हणजे आणखी चांगलं. पण कॉईलमध्ये साठणारी ऊर्जा म्हणजे अर्धा × इंडक्टन्स × करंटचा वर्ग. २ अँपिअरला १० मायक्रोहेन्रीत २० मायक्रोज्यूल साठतात आणि १० मिलीहेन्रीत २० मिलिज्यूल. कोअरचा, म्हणजे तार ज्याच्यावर गुंडाळतात त्या गाभ्याचा, आकार ढोबळमानानं या ऊर्जेच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे हजारपट. नखाएवढ्या कॉईलच्या जागी मुठीएवढी कॉईल. आणि नखाएवढीच १० मिलीहेन्रीची कॉईल मागवली, तर तिच्यात केसासारखी बारीक तार असते, तिला २ अँपिअर सोसत नाहीत, आणि कोअर सॅच्युरेट झाला, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावेनासं झालं, की छापलेले १० मिलीहेन्री नावालाच उरतात. म्हणून कॉईल निवडताना इंडक्टन्सच्या शेजारचा सॅच्युरेशन करंटचा आकडा न वाचता पुढे जाऊच नये.

रेडिओत वर्गमूळ येतं

कॉईल आणि कंडेन्सर मिळून एक ठरावीक वारंवारता निवडतात. याचं सूत्र पाठ्यपुस्तकात दहाच्या उणे घातांनी भरलेलं दिसतं. कामाचं रूप हे:

मेगाहर्ट्झ = १५९.१५५ ÷ √(मायक्रोहेन्री × पिकोफॅरड)

१५९ कुठून आला? १ ला ६.२८ नं भागलं की ०.१५९. कंडेन्सरही मायक्रोफॅरडमध्ये घेतला असता तर जोडी पूर्ण जुळून ०.१५९ च राहिला असता. आपण पिकोफॅरड घेतो, तो मायक्रोफॅरडचा दहा लाखावा भाग. दहा लाखाचं वर्गमूळ हजार, म्हणून ०.१५९ चे १५९ झाले.

आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी मीडियम वेव्हवर ५५८ किलोहर्ट्झला. रेडिओची कॉईल २४० मायक्रोहेन्रीची असेल तर कंडेन्सर किती हवा? १५९.१५५ ला ०.५५८ नं भागलं की २८५.२. त्याचा वर्ग ८१,३५० च्या आसपास. त्याला २४० नं भागलं की ३३९ पिकोफॅरड. ३६५ पिकोफॅरडपर्यंत जाणारा गँग कंडेन्सर (स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर) घेतला तर हे स्टेशन त्याच्या जवळजवळ शेवटच्या टोकाला लागेल.

इथे हजारपटीची चूक वेगळंच रूप घेते. इंडक्टन्स हजारपट चुकलं तर वारंवारता हजारपट चुकत नाही. हजाराच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे ३१.६ पट चुकते. २४० मायक्रोच्या जागी २४० नॅनो धरलं तर ५५८ किलोहर्ट्झचे १७.६ मेगाहर्ट्झ होतात. २४० मिली धरलं तर १७.६ किलोहर्ट्झ. आकडे ५-५-८ राहिलेच नाहीत, त्यामुळे 'दशांशचिन्ह सरकलंय' हे डोळ्यांना दिसत नाही. वारंवारतेचं उत्तर साधारण तीस-बत्तीस पटीनं चुकतंय असं दिसलं, की सूत्रात दोष शोधत बसण्याआधी एककाचा उपसर्ग तपासा.

इंडक्टन्स सेंटीमीटरमध्ये!

जुनी जर्मन रेडिओची पुस्तकं आणि आकृत्या चाळणाऱ्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसते: कॉईलची किंमत सेंटीमीटरमध्ये लिहिलेली असते. तारेची लांबी नव्हे, इंडक्टन्स. कंडेन्सरही सेंटीमीटरमध्ये.

हे वेडेपण नव्हतं. त्या काळच्या सेंटीमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीत निर्वात जागेची चुंबकीय पारगम्यता १ धरली जायची, तिला एकक नव्हतं. मग विद्युतचुंबकीय पद्धतीत इंडक्टन्सचं एकक उरतं ते नुसती लांबी. त्या पद्धतीतल्या एककाला पुढे ॲबहेन्री असंही नाव मिळालं. रूपांतर सुटसुटीत आहे: १ सेंटीमीटर म्हणजे १ ॲबहेन्री म्हणजे बरोबर १ नॅनोहेन्री. कंडेन्सरचा सेंटीमीटर स्थिरविद्युत पद्धतीतला, तो १.११ पिकोफॅरडचा.

रेडिओवाल्यांना हे का आवडायचं? कारण दोन्ही राशी सेंटीमीटरमध्ये घेतल्या की त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून ६.२८ नं गुणायचं, आणि तरंगलांबी थेट सेंटीमीटरमध्ये हातात येते. मघाचंच स्टेशन घेऊ. २४० मायक्रोहेन्री म्हणजे २,४०,००० सेंटीमीटर. ३३९ पिकोफॅरड म्हणजे सुमारे ३०५ सेंटीमीटर. गुणाकाराचं वर्गमूळ साधारण ८,५५५, गुणिले ६.२८ म्हणजे सुमारे ५३,७०० सेंटीमीटर, अर्थात ५३७ मीटर. ५५८ किलोहर्ट्झची तरंगलांबी ५३७ मीटरच आहे. प्रकाशाचा वेग कुठेही वापरावा लागला नाही, तो एककांच्या आतच दडलेला होता. एककं नीट निवडली की गणित किती हलकं होतं याचं याहून देखणं उदाहरण मला माहीत नाही.

हेन्रीचा आकार असा का, याचं उत्तरही इथेच आहे. १ हेन्री म्हणजे १ अब्ज नॅनोहेन्री, म्हणजे जुन्या हिशेबात १ अब्ज सेंटीमीटर, म्हणजे १०,००० किलोमीटर. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचं अंतर! मीटरची मूळ व्याख्याच त्या अंतराचा एक कोटीवा भाग अशी होती. म्हणून १८८९ च्या पॅरिसच्या विद्युत परिषदेत या एककाला 'क्वाड्रंट' म्हटलं गेलं, पृथ्वीच्या परिघाचा चतुर्थांश या अर्थानं. त्याआधी विल्यम एर्टन आणि जॉन पेरी यांनी सेकंद आणि ओहम जोडून 'सेकोम' हे नाव काढलं होतं; आपला ओहम-सेकंद तोच. शेवटी १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत 'हेन्री' नाव ठरलं. जोसेफ हेन्री हे अमेरिकेतल्या ऑल्बनीचे शिक्षक-संशोधक. लांब तारेचं सर्किट तोडताना मोठी ठिणगी पडते, हे स्वप्रवर्तन त्यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केलं; पुढे ते स्मिथसोनियन संस्थेचे पहिले सचिव झाले.

स्थिरविद्युत पद्धतीतलं इंडक्टन्सचं एकक, स्टॅटहेन्री, ऑनलाइन कॅल्क्युलेटरच्या यादीत अजून असतं. ते सुमारे ९०० अब्ज हेन्रीचं आहे. डिझाइनमध्ये त्याची गरज पडत नाही. यादीत चुकून त्याच्यावर बोट पडलं तर उत्तर पाहूनच कळेल.

कॉईलवरचे आकडे

बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसवायच्या छोट्या, पृष्ठजडित कॉईलवर तीन अंक असतात. पहिले दोन अंक तसेच घ्यायचे, तिसरा अंक पुढे किती शून्यं ते सांगतो, आणि उत्तर मायक्रोहेन्रीत येतं. १०१ म्हणजे १० वर एक शून्य, १०० मायक्रोहेन्री. ४७० म्हणजे ४७ वर शून्य शून्यं, म्हणजे ४७ मायक्रोहेन्री. चारशे सत्तर नव्हे. १०२ म्हणजे १००० मायक्रोहेन्री, १ मिलीहेन्री. 'आर' अक्षर दशांशचिन्हाच्या जागी येतं: ४आर७ म्हणजे ४.७ मायक्रोहेन्री, आर४७ म्हणजे ०.४७ मायक्रोहेन्री किंवा ४७० नॅनोहेन्री. 'एन' अक्षर असेल तर तेही दशांशचिन्हच, पण नॅनोहेन्रीचं: ४एन७ म्हणजे ४.७ नॅनोहेन्री. रेझिस्टरसारख्या दिसणाऱ्या रंगीत पट्ट्यांच्या कॉईलही मायक्रोहेन्रीतच वाचायच्या. तपकिरी-काळा-काळा म्हणजे १०.

हाच १०१ कंडेन्सरवर असेल तर १०० पिकोफॅरड आणि रेझिस्टरवर असेल तर १०० ओहम. तिन्हींची पायाभूत एककं वेगळी आहेत, हे पक्कं करून ठेवावं. आणि यात एक मेख आहे: उच्च वारंवारतेच्या काही कॉईल-मालिकांत तीन अंकांचा पाया नॅनोहेन्री असतो. तिथे १०१ म्हणजे १०० नॅनोहेन्री, आणि १०२ म्हणजे फक्त १ मायक्रोहेन्री. बाहेरून ओळखण्याची खूण नाही. लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुट्ट्या कॉईल आणल्या आणि डेटाशीट नसेल, तर मोजूनच बसवाव्यात.

स्वतः वेढे देताना

हौशी रेडिओवाल्यांसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण इथे रूपांतर दोन वेळा करावं लागतं आणि वर्गही आडवा येतो. रिंगच्या आकाराच्या कोअरवर तार गुंडाळली की इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. प्रत्येक कोअरचा एक आकडा असतो, त्याला 'एएल' म्हणतात. सरळ पद्धतीत तो नॅनोहेन्री प्रति वेढा-वर्ग असतो:

नॅनोहेन्री = एएल × वेढे × वेढे

पण लोखंडी भुकटीच्या कोअरच्या जुन्या अमेरिकी तक्त्यांत तो '१०० वेढ्यांना किती मायक्रोहेन्री' असा देतात, आणि फेराइट कोअरसाठी '१००० वेढ्यांना किती मिलीहेन्री' असा. दुसऱ्याचं रूपांतर करायलाच नको: १ मिलीहेन्री म्हणजे दहा लाख नॅनोहेन्री, १००० चा वर्गही दहा लाख, म्हणजे आकडा तोच राहतो. पहिल्याचं मात्र करावं लागतं. १ मायक्रोहेन्री म्हणजे १००० नॅनोहेन्री, १०० चा वर्ग १०,०००. म्हणून तक्त्यातल्या आकड्याला दहानं भागायचं.

हौशी मंडळींची आवडती लाल रिंग टी५०-२. जुन्या तक्त्यात तिचा आकडा ४९. ५ मायक्रोहेन्री हवे असतील तर ५ ला ४९ नं भागून वर्गमूळ काढा, १०० नं गुणा: ३२ वेढे. हाच ४९ नॅनोहेन्रीचा समजून हिशेब केला तर ५००० भागिले ४९ चं वर्गमूळ, म्हणजे १० वेढे येतात. १० वेढ्यांना प्रत्यक्षात ०.४९ मायक्रोहेन्रीच मिळतं, दहावा भाग. दहाही वेढे त्या रिंगवर छान बसतात, म्हणून संशय येत नाही. खरा आकडा आहे ४.९ नॅनोहेन्री.

कोअर नसलेल्या, हवेतल्या कॉईलसाठी हॅरॉल्ड व्हीलर यांचं १९२८ चं सूत्र सगळीकडे फिरतं: त्रिज्येचा वर्ग × वेढ्यांचा वर्ग, भागिले (९ × त्रिज्या + १० × लांबी). उत्तर मायक्रोहेन्रीत. पण मापं इंचात! सेंटीमीटर वापरायचे असतील तर उत्तराला ०.३९४ नं गुणावं लागतं. अर्धा सेंटीमीटर त्रिज्या, १ सेंटीमीटर लांबी, १० वेढे: २५ भागिले १४.५ म्हणजे १.७२, गुणिले ०.३९४ म्हणजे ०.६८ मायक्रोहेन्री. ०.३९४ विसरलात तर इंडक्टन्स अडीच पट जास्त धरलं जाईल आणि सर्किट अपेक्षेपेक्षा १.६ पट वरच्या वारंवारतेला जाऊन बसेल.

जिथे कॉईल दिसतच नाही

नॅनोहेन्रीच्या पातळीवर प्रत्येक तार ही कॉईल आहे. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तारेचा १ सेंटीमीटर तुकडा म्हणजे सुमारे ७ नॅनोहेन्री. डिझाइनर मंडळी ढोबळमानानं 'मिलिमीटरला एक नॅनोहेन्री' असं धरून चालतात, आणि तो अंदाज पहिल्या फेरीला पुरतो. आताच्या पद्धतीत निर्वात जागेची पारगम्यता मीटरला १.२५७ मायक्रोहेन्री, म्हणजे मिलिमीटरला १.२५७ नॅनोहेन्री, त्यामुळे या आकाराच्या वस्तूंची उत्तरं साहजिकच याच घरात येतात.

आयसीच्या शेजारी लावलेला १०० नॅनोफॅरडचा कंडेन्सर घ्या. त्याच्या वाटेत, पीसीबीवरची रेघ आणि भोकं धरून, फक्त १ नॅनोहेन्री आहे असं समजू. ०.००१ मायक्रोहेन्री गुणिले १,००,००० पिकोफॅरड म्हणजे १००. वर्गमूळ १०. १५९ भागिले १० म्हणजे १५.९ मेगाहर्ट्झ. त्याच्यावरच्या वारंवारतेला तो कंडेन्सर कॉईलसारखा वागू लागतो. १०० मेगाहर्ट्झला त्या एका नॅनोहेन्रीचा अडथळा ०.६३ ओहम, कंडेन्सर तीन सेंटीमीटर लांब बसवला तर तीस नॅनोहेन्री आणि १९ ओहम. आयसीपाशी कंडेन्सर अगदी खेटून बसवा, असं जे सांगतात त्याचं कारण हे.

कीबोर्ड आणि सिम्युलेटर

मायक्रोचं चिन्ह ग्रीक 'म्यू', आणि ते साध्या कीबोर्डवर नसतं. काही जुन्या दस्तऐवजांत ते एका खास चिन्हांच्या फॉन्टमधून आलेलं असतं, जिथे रोमन 'एम' च्या बटणावर म्यू दिसतो. फाइल दुसऱ्या संगणकावर गेली, फॉन्ट हरवला, की म्यूचा उघडा 'एम' होतो आणि १० मायक्रोहेन्रीचे १० मिलीहेन्री. भागांची यादी पुढे पाठवताना हे डोळ्यांखालून घालावं. म्यूऐवजी रोमन 'यू' लिहिण्याची पद्धत याच कारणानं रूढ झाली, आणि मला ती योग्य वाटते.

सर्किट संगणकावर चालवून पाहणाऱ्या स्पाइस सिम्युलेटरमध्ये लहान-मोठ्या अक्षरांत फरक नसतो. तिथे 'एम' म्हणजे कायम मिली. मेगासाठी 'एमईजी' ही तीन अक्षरं लागतात आणि मायक्रोसाठी 'यू'. जुन्या अमेरिकी कंडेन्सरांवर 'एमएफडी' छापलेलं असे आणि तिथला एम मायक्रोचा. एकाच अक्षराचे असे अर्थ असल्यामुळे आकृतीवरून सिम्युलेटरमध्ये टाकताना अक्षर नव्हे, अर्थ उतरवावा.

मोजताना

साध्या हातातल्या मीटरची सर्वांत खालची पट्टी बहुधा २ मिलीहेन्रीची असते आणि शेवटचा अंक १ मायक्रोहेन्रीचा. तिथे १० मायक्रोहेन्रीची कॉईल ०.०१० अशी दिसते. शेवटचा अंक एक-दोननं इकडेतिकडे होणारच, म्हणजे दहा-वीस टक्के चूक तिथेच. आधी दोन्ही टोकं एकमेकांना जोडून जो आकडा दिसतो तो वजा करावा. वायरचंच काही शे नॅनोहेन्री इंडक्टन्स असू शकतं. शिवाय मीटर कमी वारंवारतेला मोजतो, आणि डेटाशीटमधला आकडा १०० किलोहर्ट्झचा किंवा त्याहून वरचा असू शकतो.

लहान कॉईलसाठी याहून भरवशाची युक्ती म्हणजे माहीत असलेल्या कंडेन्सरबरोबर जोडून ती कुठल्या वारंवारतेला सूर धरते ते पाहणं. सिग्नल जनरेटर आणि ऑसिलोस्कोप पुरतो. सूत्र मघाचंच, उलटं फिरवलेलं: १५९.१५५ ला मेगाहर्ट्झनं भागा, वर्ग करा, पिकोफॅरडनं भागा. १००० पिकोफॅरडचा चांगला कंडेन्सर लावला आणि ऑसिलोस्कोपवर शिखर १.५९ मेगाहर्ट्झला दिसलं, तर १०० चा वर्ग भागिले १०००, म्हणजे १० मायक्रोहेन्री. शिखर ५० मेगाहर्ट्झच्या आसपास दिसलं तर हातातली कॉईल १० नॅनोहेन्रीची आहे, आणि ५० किलोहर्ट्झला दिसलं तर १० मिलीहेन्रीची.